सहा शेजाऱ्यांचा मुलूख : प्रस्तावना

षट्कोनी घरांचा नकाशा संगणकात कशात साठवावा, एवढ्या एकाच प्रश्नावर हे छोटेखानी पुस्तक आहे. हा नकाशा कुणी हाताने काढलेला नाही. प्रोग्रॅम तो यादृच्छिक आकड्यांवरून दर वेळी नव्याने रचतो, त्यामुळे कुठे टेकडी येईल, कुठे नदी, कुठे धान, हे आधी लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा नकाशाला ॲरे बरा, डिक्शनरी बरी, की एकमेकांना जोडलेल्या गाठींचं जाळं? खेळ लिहायला बसलेला जो तो पहिल्या तासात याचं काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो आणि मग कित्येक आठवडे तेच उत्तर निस्तरत बसतो.

पुस्तकाचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नकाशा पडद्यावर कसा दिसतो यावरून त्याची साठवण ठरवू नये, त्याला कोणते प्रश्न विचारायचे आहेत यावरून ठरवावी. या घरात काय आहे? याचे शेजारी कोण? इथून तिथवर किती पावलं? इथे पडलेला पाऊस कुठे जाऊन साचेल? हे दोन तलाव एकाच पाण्याचे आहेत का? प्रत्येक प्रश्नाला सोयीची रचना वेगळी असते, आणि एकाच नकाशाला हे सगळे प्रश्न विचारायचे असतील तर एकच रचना सगळीकडे दामटण्यात शहाणपण नाही.

उदाहरणासाठी मी आपलाच परिसर घेतला आहे. वरठी हे मोहाडी तालुक्यातलं गाव. हावडा–नागपूर–मुंबई मार्गावरच्या इथल्या स्थानकाचं नाव मात्र ‘भंडारा रोड’, आणि भंडारा शहर तिथून दहा-बारा किलोमीटरवर. गावाला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि भोवताली धान. धानाची शेती म्हणजे बांध्या, धुऱ्यांनी बंदिस्त केलेले, पाणी धरून ठेवणारे तुकडे. त्यांच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि बोडीच्याही वर तलाव. पूर्व विदर्भातले हे तलाव मालगुजारांच्या काळातले, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ‘माजी मालगुजारी’ तलावांना लोक मामा तलाव म्हणू लागले. एका तलावाच्या सांडव्यावरून सुटलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि उरलंसुरलं वैनगंगेत. वर तुमसर तालुक्यात टेकड्या लागतात आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी.

या साऱ्याचा हुबेहूब नकाशा आपल्याला नको आहे, तो सर्व्हे ऑफ इंडियाने कधीच काढून ठेवला आहे. आपल्याला त्यातले नियम हवेत. टेकडीला खाण, उताराला तलाव, तलावाखाली धान, सपाटीला रूळ. सीड, म्हणजे यादृच्छिक आकडे जिच्यापासून सुरू होतात ती संख्या, बदलला की मुलूख बदलावा, पण भंडाऱ्याच्या माणसाला तो परका वाटू नये.

आता षट्कोनच का? सपाट पृष्ठभाग एकाच नियमित आकृतीने, फट न ठेवता भरायचा तर पर्याय तीनच आहेत: समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. चौरसाचे आठ शेजारी दोन जातींचे असतात. चार बाजूला लागलेले, चार कोपऱ्याला टेकलेले, आणि कोपऱ्यावरच्यांचं अंतर १.४१ पट. षट्कोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. हे कारण सगळेच सांगतात. पाण्याचा नकाशा करणाऱ्याला मात्र दुसरंच कारण मोलाचं वाटेल. चौकटींच्या पटावर एका बिंदूत चार घरं मिळतात. तिथे तिरपी पाळ घातली, तर तिच्या दोन घरांमधल्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं की अडतं, याचा निवाडा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावा लागतो, आणि तो दोन फंक्शनांत दोन प्रकारे झाला की पाळ कधी धरते, कधी फुटते. षट्कोनांच्या पटावर एका बिंदूत तीनच घरं मिळतात, त्यामुळे कोपऱ्याला कोपरा लागण्याचा प्रकारच उरत नाही. पाळ सलग असेल तर पाणी अडणार, एक घर तुटलं तर वाहणार. डेन्मार्कच्या पीट हाइनने १९४२ साली मांडलेला आणि पुढे जॉन नॅशला स्वतंत्रपणे सुचलेला ‘हेक्स’ हा खेळ याच गुणावर उभा आहे. पट भरेस्तोवर एकाची वाट पार झालेली असते किंवा दुसऱ्याची भिंत पुरी झालेली असते. बरोबरी होऊच शकत नाही.

षट्कोनांचा इतिहास लांब आहे, इथे धावता आढावा पुरे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना वॉल्टर क्रिस्टालर माहीत असतो. बाजाराच्या गावांची क्षेत्रं आदर्श परिस्थितीत षट्कोनी होतात, हे त्याने १९३३ साली मांडलं. ॲव्हलॉन हिल कंपनीने १९६१ मध्ये ‘गेटिसबर्ग’ या युद्धखेळाच्या पटावर षट्कोन आणले. क्लाउस टॉयबरच्या ‘काटान’मध्ये (१९९५) १९ षट्कोनी तुकडे पिसून मांडतात, म्हणजे तो टेबलावरचा यादृच्छिक नकाशाच. ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाने २०१० च्या पाचव्या आवृत्तीत चौकटी सोडून षट्कोन धरले. उबरने आपली ‘एच३’ ही षट्कोनी जाळी २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

साठवणीच्या आधी पत्ता ठरवावा लागतो, आणि निम्मा घोळ इथेच होतो. सरळ सुचणारा पत्ता म्हणजे ओळ आणि स्तंभ: टोक वर असलेले षट्कोन मांडायचे आणि एकाआड एक ओळ अर्ध्या घराने उजवीकडे सरकवायची. वाचायला सोपं, पण सरकलेल्या ओळीतल्या घराचा ईशान्येचा शेजारी पुढच्या स्तंभात असतो, न सरकलेल्या ओळीतल्या घराचा त्याच स्तंभात. त्यामुळे शेजार, अंतर, फिरवणं, रेघ मारणं, प्रत्येक फंक्शनात ‘ओळ सम की विषम’ हा प्रश्न शिरतो आणि एखाद्या ठिकाणी विसरला जातो.

दुसरी रीत तीन अक्षांची. घराला क, ख, ग असे तीन आकडे द्यायचे आणि अट एकच: क + ख + ग = ०. एक पाऊल टाकलं की एक आकडा एकने वाढतो, दुसरा एकने घटतो, तिसरा जागेवर राहतो. अशी सहाच पावलं संभवतात, तेच सहा शेजारी, ओळ कोणतीही असो. अंतर म्हणजे तिन्ही फरकांच्या केवलमूल्यांच्या बेरजेचं निम्मं. (०, ०, ०) पासून (३, −१, −२) पर्यंतचं अंतर ३ + १ + २ चं निम्मं, म्हणजे ३ पावलं. ग हा इतर दोघांवरून निघतोच, म्हणून लिहून ठेवायचे ते फक्त क आणि ख. या पद्धतींची सांगोपांग तुलना अमित पटेल यांनी ‘रेड ब्लॉब गेम्स’वर २०१३ मध्ये केली; षट्कोनी खेळ लिहिणारी आजची पिढी त्यावरच शिकली आहे, आणि मीही.

पत्ता ठरला, आता घर कशात ठेवायचं? नकाशा आयताकृती आणि पुरता भरलेला असेल तर ॲरेला तोड नाही. अडचण एवढीच की क-ख (ख म्हणजे ओळ) जसेच्या तसे ॲरेला दिले तर आयत तिरका होतो. १०० ओळी आणि १०० स्तंभांच्या नकाशात क हा −४९ पासून ९९ पर्यंत जातो, म्हणजे १०,००० घरांसाठी १४,९०० जागा लागतात. उपाय सोपा आहे. ॲरेत शिरताना क मध्ये ख चं निम्मं मिळवायचं, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्यायचा. म्हणजे हिशेब क-ख मध्ये, ठेवण ओळ-स्तंभात, आणि या दोहोंमधलं दार एकाच फंक्शनात. सम-विषमची कटकट त्या दारातच थांबते. नकाशाच मोठ्या षट्कोनाच्या आकाराचा असेल, तर केंद्रापासून १०० घरांपर्यंतच्या नकाशात ३०,३०१ घरं असतात आणि त्याला वेढणाऱ्या ॲरेत २०१ × २०१, म्हणजे ४०,४०१ जागा. चौथा हिस्सा रिकामा जातो. जाऊ द्यावा. घरागणिक एक बाइट ठेवत असाल तर हे नुकसान दहा हजार बाइटांचं आहे. त्यासाठी डोकं शिणवणाऱ्याचा वेळ त्याहून महाग.

नकाशाला धड आकारच नसेल, बेटं विखुरलेली असतील किंवा खेळाडू जाईल तसा मुलूख उलगडत असेल, तर डिक्शनरी घ्यावी. जी घरं आहेत तेवढीच तिच्यात राहतात आणि ऋण आकड्यांचं तिला वावडं नाही. किल्ली मात्र जपून निवडावी. पायथनमध्ये (क, ख) ही जोडी थेट किल्ली होते. जावास्क्रिप्टच्या मॅपमध्ये जोडीचा ॲरे किल्ली केला, तर आकडे तेच असूनही नवा ॲरे म्हणजे नवी किल्ली धरली जाते; आत्ता ठेवलेलं घर पुढच्याच ओळीत सापडत नाही. तिथे दोन्ही आकडे एका संख्येत किंवा मजकुरात गुंफावे लागतात.

तिसरा पर्याय जाळ्याचा, आणि नवशिक्याला तोच सर्वांत खरा वाटतो. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसे प्रत्येक घरात त्याच्या सहा शेजाऱ्यांचे पत्ते लिहून ठेवायचे. शेताची चतुःसीमा लिहावी लागते, कारण शेतं वेडीवाकडी असतात आणि शेजारी कोण हे गट क्रमांकावरून कळत नाही. षट्कोनांच्या पटावर शेजारी पत्त्यावरूनच निघतो. जे बेरजेने मिळतं ते लिहून ठेवलं, तर जागा जाते ती जातेच. शिवाय घर बदललं की सहा ठिकाणी नोंद सुधारावी लागते.

मोठ्या किंवा अमर्याद नकाशाला ॲरे आणि डिक्शनरी यांची सांगड घालतात. ३२ × ३२ घरांचा एक तुकडा ॲरेत, आणि असे तुकडे डिक्शनरीत. घर कोणत्या तुकड्यातलं हे ३२ ने भागून कळतं, आणि इथे एक खड्डा आहे. सी भाषेत −१ भागिले ३२ चं उत्तर ० येतं, पायथनच्या पूर्णांक भागाकारात −१. सीमध्ये लिहिताना हे ध्यानात नसेल तर शून्याच्या डावीकडचा मुलूख उजवीकडच्या तुकड्यावर येऊन बसतो आणि मूळबिंदूपाशी दोन नकाशे एकमेकांत मिसळतात.

आतापर्यंत घरांचं बोललो. पण नदी, पाट, धुरा, रूळ हे घरात मावत नाहीत. ते बाजूंवर असतात. ‘काटान’च्या १९ घरांना ७२ बाजू आणि ५४ कोपरे आहेत. प्रत्येक बाजू दोन घरांची असल्याने ती दोनदा लिहिली गेली की एका बाजूने नदी दिसते आणि दुसऱ्या बाजूने कोरडी जमीन. यावरचा तोडगा मालकी वाटून देण्याचा. प्रत्येक घराच्या नावावर पूर्व, ईशान्य आणि वायव्य या तीनच बाजू. पश्चिमेची बाजू ही पश्चिमेच्या शेजाऱ्याची पूर्व, नैर्ऋत्येची ही नैर्ऋत्येच्या शेजाऱ्याची ईशान्य, आग्नेयेची ही आग्नेयेच्या शेजाऱ्याची वायव्य. म्हणजे बाजूचा पत्ता (क, ख, दिशा) आणि दिशा तीनांपैकी एक. नकाशाच्या कडेला काही बाजूंचा मालक नकाशाबाहेरचा निघतो. डिक्शनरीला त्याचं काही वाटत नाही, ॲरेला मात्र एक जादा कडं ठेवावं लागतं. शिवाय बहुतेक बाजूंवर काहीच नसतं. म्हणून या पुस्तकात घरं ॲरेत आहेत आणि बाजू डिक्शनरीत.

या मांडणीचा एक लाभ अनपेक्षित आहे. नदी बाजूच्या लांबीने वाहते, रूळ बाजू ओलांडून जातात, पण नोंद दोघांचीही त्याच बाजूवर होते. एकाच बाजूवर नदी आणि रूळ दोन्ही सापडले की तिथे पूल आलाच. पूल वेगळा शोधावा लागत नाही.

मुलूख रचण्याची सुरुवात उंचीपासून होते. केन पर्लिनने १९८५ साली प्रसिद्ध केलेली नॉइजची रीत शेजारच्या घरांना एकमेकांशी जुळणारी उंची देते, त्यामुळे टेकड्या आणि खोलगट जागा आपोआप तयार होतात. पुढे पाणी. बहुतेक खेळांत नदी अडू नये म्हणून खळगे बुजवून टाकतात. आपल्याला नेमके खळगे हवेत. नकाशाच्या कडेची घरं प्रायॉरिटी क्यूमध्ये घालायची, सर्वांत सखल घर आधी काढायचं, त्याच्या न पाहिलेल्या शेजाऱ्यांना आत घ्यायचं. शेजारी त्याच्याहून सखल निघाला तर पाण्याची पातळी त्याच्यावर तेवढी चढते. पुरं झालं की प्रत्येक घराच्या दोन उंच्या हाती असतात: जमिनीची आणि पाण्याची. जिथे फरक आहे तिथे तलाव, आणि पातळी जिथून आत आली तिथे सांडवा. क्यू साधी असती तर हे जमलं नसतं. सखल घर आधी काढण्याची हमी प्रायॉरिटी क्यूच देते.

मग लागून असलेली पाण्याची घरं साध्या क्यूने गोळा करून प्रत्येक तलावाला क्रमांक द्यायचा आणि त्याच्यापुढे लिहायचं: सांडवा कोणत्या तलावात? मघाशी नाकारलेलं जाळं इथे मानाने परत येतं. कोणता तलाव कोणाला पाणी देतो हे कुठल्याही बेरजेने निघत नाही, ते लिहूनच ठेवावं लागतं. एका तलावाची पाळ फुटली तर खालच्या कोणकोणत्या बांध्या बुडतील, हा प्रश्न मग हजारो घरं न चाळता मोजक्या गाठींवर सुटतो.

शेवटचा मुद्दा यादृच्छिकतेचा. तोच सीड दिला की तोच मुलूख यायला हवा, नाहीतर चूक शोधता येत नाही आणि मित्राला आपला नकाशा देता येत नाही. १९८४ च्या ‘एलीट’ या खेळात प्रत्येकी २५६ ताऱ्यांच्या आठ आकाशगंगा होत्या. त्या साठवलेल्या नव्हत्या, सीडवरून दर वेळी निघत. आपणही तसंच करायचं: जतन करायचा तो सीड आणि खेळाडूने केलेले बदल. पण इथे रचनेची निवड आडवी येते. किल्ल्या मजकुराच्या असतील आणि त्या सेटमध्ये असतील, तर पायथनच्या ३.३ पासूनच्या आवृत्त्यांत दर वेळी प्रोग्रॅम चालवला की त्यांचा क्रम बदलू शकतो. गो भाषेत तर मॅपचा क्रम मुद्दामच अनिश्चित ठेवला आहे. सेटमधून फिरता फिरता यादृच्छिक आकडे खर्च केले की सीड तोच राहतो आणि टेकडी मात्र रोज नव्या जागी उगवते. म्हणून क्रम जिथे अर्थाचा आहे तिथे यादी वापरावी. त्याहून पक्का मार्ग म्हणजे प्रत्येक घराचा आकडा सीड, क आणि ख या तिघांपासूनच काढावा. मग कोणतं घर आधी रचलं याला महत्त्वच उरत नाही, आणि तुकड्यातुकड्याने उलगडणाऱ्या नकाशाला दुसरा इलाज नाही.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. पृथ्वीचा गोल नुसत्या षट्कोनांनी मढवता येत नाही. ‘एच३’च्या प्रत्येक पातळीवर १२ पंचकोन राहतातच. तो विषय इथे घेतलेला नाही. चित्रं रंगवणं, आवाज, पडद्यावरची हालचाल यांतलंही काही नाही. सगळी उदाहरणं पायथनमध्ये आहेत, पण जिथे दुसरी भाषा वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे. वाचकाला फंक्शन, यादी आणि डिक्शनरी माहीत असावी, आणि जवळ कागद-पेन्सिल असावी. क-ख चे पत्ते एकदा हाताने सहा घरांवर लिहिल्याशिवाय दुसऱ्या प्रकरणाला हात घालू नका.

प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी प्रश्नांची यादी आहे आणि रचना त्यानंतर येते. स्वतःचा खेळ लिहिताना आधी तशीच यादी करा. तुमचा पट वीस बाय वीसचा असेल आणि त्याला विचारायचे प्रश्न दोन-तीनच असतील, तर कुठलीही रचना चालून जाते. संगणकाला चारशे घरं सगळी चाळायलाही काही वेळ लागत नाही. तसं असेल तर पत्त्यांचं प्रकरण तेवढं वाचा, पुस्तक मिटा आणि खेळ लिहायला घ्या.

वरठी, जि. भंडारा